खाट बंद करण्याचा अधिकार

मुंबई-पुण्यातल्या बड्या खासगी रुग्णालयांत आता 'नर्सिंग कौन्सिल' असते. मानांकनाचे तपासनीस येणार असले की तिच्या इतिवृत्ताची फाइल कपाटातून बाहेर निघते. परिचारिका दिनाचा कार्यक्रम, हात धुण्याच्या मोहिमेची पोस्टरं, गणवेशाचा नवा रंग, कपडे बदलायच्या खोलीतले लॉकर, असे विषय त्यात ओळीने लागलेले असतात. लॉकरही हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'आज रात्रपाळीला माणसं कमी आहेत, म्हणून सहा खाटांवर नवा रुग्ण घ्यायचा नाही असं ठरलं' अशी एखादी नोंद तिथे शोधून पाहावी. मुलीला शालूचा रंग विचारायचा आणि नवरा मात्र परस्पर ठरवून टाकायचा, त्यातला हा प्रकार.

या कौन्सिलांमागच्या विचाराला 'शेअर्ड गव्हर्नन्स' म्हणतात. रुग्णसेवा कशी चालावी हे व्यवस्थापन एकट्याने ठरवणार नाही, खाटेशेजारी उभ्या राहणाऱ्या परिचारिकाही त्यात बरोबरीने बसतील, असा हा वाटून घेतलेला कारभार. विचार चांगला आहे. तो खरोखर अमलात आला आहे की नाही, याची कसोटी मात्र माझ्या मते एकाच प्रश्नाने लागते. रुग्णालयाच्या खिशाला झळ बसेल असा निर्णय परिचारिकांच्या सभेत होऊ शकतो का, आणि झालाच तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकतो का?

हा विचार अमेरिकेतला आणि तो काही दयाबुद्धीतून सुचलेला नाही. १९८०च्या आसपास तिथे परिचारिकांची चणचण होती. आलेल्या टिकत नव्हत्या. अशा दिवसांतही काही रुग्णालयांतून माणसं का जात नाहीत, याचा शोध अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने घेतला आणि १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं धरून ठेवणारी म्हणून त्यांना 'मॅग्नेट' हे नाव पडलं. आपल्या कामाचे निर्णय आपण घ्यायचे, ही मोकळीक त्या रुग्णालयांतल्या परिचारिकांना होती. टिम पोर्टर-ओग्रेडी यांच्यासारख्या परिचर्या-प्रशासकांनी त्याच दशकात या मोकळिकीला रीतसर चौकट दिली. वॉर्डावॉर्डातून आलेल्या परिचारिकांच्या परिषदा, सेवेच्या पद्धतीसाठी एक, गुणवत्तेसाठी एक, शिक्षणासाठी एक. आणि त्या त्या विषयात परिषदेचा शब्द अखेरचा. वरिष्ठांनी तो मंजूर करायचा नसून अमलात आणायचा. १९९४ मध्ये सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठाचं रुग्णालय पहिलं मानांकित 'मॅग्नेट' ठरलं. त्यानंतर मानांकन हा जाहिरातीचा ऐवज झाला. आपल्याकडे पोचला तो बहुतेक हा ऐवजच. 'अखेरचा शब्द' वाटेत कुठेतरी गळाला.

परिचारिकेची स्वायत्तता म्हणताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक खाटेजवळची: समोरच्या रुग्णाचं काय होतंय हे ओळखून स्वतःच्या बुद्धीने पाऊल उचलायचं. दुसरी कारभारातली: पाळीला किती माणसं, कोणती पद्धत, कोणतं सामान, चूक झाली तर चौकशी कशी. परिषदा दुसरीसाठी असतात. पण पहिली नसेल तर दुसरी नुसतीच बैठक होते, आणि दुसरी नसेल तर पहिली परिचारिकेच्या अंगाशी येते.

खाटेजवळच्या स्वायत्ततेचं एक उदाहरण आपल्याच खासगी रुग्णालयांत रोज दिसतं. रुग्णाचं हृदय थांबलं की जी परिचारिका पहिली पाहील ती 'कोड ब्लू' पुकारते. कोणाची परवानगी घेत नाही, कोणी मागतही नाही. पण त्याच रुग्णाचं बीपी आदल्या दोन तासांत उतरत चाललेलं असतं, श्वास वाढलेला असतो, लघवी कमी झालेली असते, तेव्हा ती निवासी डॉक्टरला फोन करते. फोन उचलला जातो किंवा जात नाही. उचललाच तर 'बघतो, सलाइन चालू ठेवा' एवढं उत्तर मिळतं. त्याच्याही वर कोणाला फोन केला तर 'सिस्टर डोक्यावरून गेल्या' म्हणून सकाळी बोलणी बसतात. म्हणजे हृदय थांबलं की परवानगी लागत नाही, थांबण्याआधी लागते. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयाने १९९० मध्ये हा उलटा क्रम मोडला. नाडी, श्वास, रक्तदाब ठरावीक आकड्यांच्या बाहेर गेले, किंवा आकडे ठीक असूनही परिचारिकेला काळजी वाटली, तर तिने थेट तातडीचं पथक बोलवायचं. 'परिचारिकेला काळजी वाटते' हेच एक लेखी कारण धरलं गेलं. वर्षानुवर्षं रुग्ण पाहिलेल्या नजरेला आकड्यांच्या आधी काही दिसतं, हे त्या कागदाने मान्य केलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं, आणि मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, म्हणजे सेंट्रल लाइनमधून, जंतुसंसर्ग होतो आणि त्याने माणसं दगावतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी त्यावर पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुवा, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसा, टोपी-गाउन-मोठी चादर असं पूर्ण आवरण घ्या, शक्यतो जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. यातली एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. नवं एवढंच की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर परिचारिकेने त्याला तिथेच थांबवायचं, आणि वाद झाला तर व्यवस्थापन परिचारिकेच्या बाजूने उभं राहणार, हे आधीच जाहीर केलेलं होतं. मिशिगनमधल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हे केलं. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणं म्हणजे एक नळी-दिवस) संसर्गाचा मध्यांक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्ष तिथेच राहिला. लोकांनी यातून 'चेकलिस्ट' उचलली. आपल्याकडेही ती छापून भिंतीवर लावलेली असते. थांबवण्याचा अधिकार मात्र भिंतीवर छापता येत नाही. सर्जनला 'सर, चादर राहिली' असं म्हणणाऱ्या सिस्टरची दुसऱ्या दिवशी बदली होणार नाही, याची हमी कोणीतरी घ्यावी लागते, आणि घेणाऱ्यापाशी तेवढं बळ असावं लागतं.

आता आपल्या जिल्हा रुग्णालयांकडे यावं. शिकवण्याच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतरत्र पाच खाटांमागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेने सांगितलेलं प्रमाण. रात्री सरकारी वॉर्डात कोणी नातेवाइकासोबत थांबलं असेल, तर त्याला हे वाचून हसू येईल. खाटा भरलेल्या, दोन खाटांमध्ये जमिनीवर गाद्या, आणि टेबलाशी एक अधिपरिचारिका (स्टाफ नर्स); फार तर जोडीला प्रशिक्षणातल्या दोन मुली. इंजेक्शनं, सलाइन, रक्ताच्या पिशव्या, शस्त्रक्रियेहून आलेला रुग्ण, दाखल होणारा रुग्ण, गेलेल्याचे कागद, ऑक्सिजन सिलिंडर आलं का, वॉर्डबॉय कुठे गेला, आणि प्रत्येक गोष्टीची रजिस्टरात नोंद.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. कोणाचा किती दोष हे न्यायालय ठरवील. मी कोणाला निर्दोष म्हणत नाही. पण त्या कक्षातली विजेची जोडणी कोणी केली, तिची तपासणी कोणी करायची होती, आग विझवायची यंत्रणा का नव्हती किंवा का चालली नाही, एका पाळीला किती माणसं ठेवायची, यांतला एक तरी निर्णय परिचारिकेच्या हातात होता का? कक्ष सुरक्षित नाही असं तिला वाटलं असतं, तर तो बंद ठेवण्याचा अधिकार तिला होता का? जबाबदारी खाली आणि अधिकार वर, अशी ही रचना आहे, आणि ती एरवी दिसत नाही. अपघात झाला की पोलिसांच्या कागदावर उमटते.

हेच राज्य परिचारिकांच्या निर्णयशक्तीबद्दल दुसरंही काही सांगू शकतं. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या पुढची बेचाळीस वर्षं तिथल्या वॉर्डात पडून राहिल्या. ऐंशीच्या दशकात ती खाट रिकामी करून त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न महापालिकेने केला, तेव्हा परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. पुढे इच्छामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. अरुणाच्या वतीने बोलायचं कोणी? याचिका करणाऱ्या पत्रकार-लेखिकेने की केईएमने? ७ मार्च २०११च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की रात्रंदिवस शुश्रूषा करणारे केईएमचे कर्मचारीच तिचे खरे 'नेक्स्ट फ्रेंड', आणि तिने जगावं ही त्यांची इच्छा न्यायालयाने मानली. २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या तोवर त्या केईएमच्याच परिचारिकांच्या हातात होत्या. दयामरणाच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण रुग्णाच्या जगण्यामरण्याबद्दल कोणाचं म्हणणं ऐकायचं, असा प्रश्न देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयासमोर आला तेव्हा उत्तर 'जे सांभाळतात त्यांचं' असं आलं. त्याच वर्गाला आज रात्री वॉर्डात आणखी दोन माणसं हवीत की नाहीत, हे मात्र विचारलं जात नाही.

शिवाय ती खाट वाचली ती कुठल्या कौन्सिलमुळे नव्हे. काम बंद करण्याच्या धाकाने वाचली. महाराष्ट्रात परिचारिकांचं म्हणणं ऐकलं जाण्याचा आजवरचा खात्रीचा मार्ग हाच आहे. २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत, परिचारिका भरण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यभर संप झाला. भरती कशी व्हावी हा परिचारिकेच्या कामाशी थेट जोडलेला प्रश्न. ठेक्यावर आलेली मुलगी वरिष्ठांना 'हे असुरक्षित आहे' असं कशाला सांगेल? पुढच्या अकरा महिन्यांचा करार तिला हवा असतो. संपात मात्र रुग्णांचे हाल होतात आणि बातमी तेवढीच होते.

संघटनेतल्या लोकांना शेअर्ड गव्हर्नन्सचा संशय येतो, तोही उगाच नाही. मालकाने नेमलेली, मालकाच्या वेळेत भरणारी, मालकाला हवे तेच विषय घेणारी समिती ही संघटनेला बाजूला सारण्याची जुनी युक्ती आहे. अमेरिकेत तर याहून विचित्र घडलं. तिथल्या कामगार कायद्यात पर्यवेक्षकाला संघटनेचं संरक्षण मिळत नाही. २००१ च्या केंटकी रिव्हर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा कौल दिला की व्यावसायिक बुद्धी वापरून इतरांना काम नेमून देणारी परिचारिकाही पर्यवेक्षक ठरू शकते. २००६ मध्ये ओकवूड रुग्णालयाच्या प्रकरणात कायमस्वरूपी 'चार्ज नर्स'ना, म्हणजे पाळीच्या प्रमुख परिचारिकांना, कामगार मंडळाने पर्यवेक्षक ठरवलं. म्हणजे स्वतःच्या डोक्याने काम करायला लागलात की संघटनेतून बाहेर! आणि कॅलिफोर्नियात परिचारिकांना जे सगळ्यात मोलाचं मिळालं, प्रत्येक विभागात एका परिचारिकेकडे ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त रुग्ण नकोत अशी कायद्याची मर्यादा, ते कुठल्या परिषदेतून आलं नाही. संघटनेने वर्षानुवर्षं रेटा लावला, १९९९ मध्ये कायदा झाला, २००४ पासून लागू झाला. त्यामुळे परिषद की संघटना असा सवाल टाकणाऱ्यांना माझं उत्तर एकच: मर्यादेचा आकडा संघटनेने आणि कायद्याने ठरवावा, आणि त्या आकड्याच्या आत रोज काय करायचं ते परिषदेने. आकडाच नसेल तर परिषदेसमोर ठरवण्यासारखं काही उरत नाही.

आकड्याला शास्त्राचा आधार नाही असंही कोणी म्हणू नये. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या नोंदी तपासून परिचर्या-संशोधक लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये दाखवलं की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. तिथे चाराचे आठ झाल्यावर काय होतं हे त्यांनी मोजलं. आपल्याकडच्या एका परिचारिकेमागच्या चाळीस रुग्णांचं गणित त्या तक्त्यात बसतही नाही.

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा असतो. कायद्याने उत्तरदायी आम्ही, मग निर्णय सिस्टरने कसा घ्यायचा? निदान आणि औषधोपचार डॉक्टरचे, यात वाद नाही. पण जखमेची काळजी, रुग्णाची कूस बदलणं, पडण्याचा धोका, वेदनेची नोंद, नातेवाइकांना समजावणं, घरी पाठवायची तयारी, कोणाला कोणत्या खाटेवर ठेवायचं, हे सगळं प्रत्यक्षात परिचारिकाच करते, आणि चुकलं तर तिलाच मेमो मिळतो. तिथे तिचा शब्द अखेरचा मानायला कोणाचं काय जातं? रात्री तीन वाजता फोनवर तोंडी सांगितलेली ऑर्डर तिने पाळायची आणि सकाळी सही मिळवायला मागे फिरायचं, ही प्रथा तर डॉक्टरांनाही बुडवणारी आहे.

घरच्या अडचणीबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. परिचर्येची स्वतःची उतरंड भक्कम आहे. अधिसेविका (मेट्रन), सहायक अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, आणि ड्यूटी लिस्ट नावाचं अस्त्र. वर बोललेलं आवडलं नाही की सलग रात्रपाळ्या, सणाला सुटी नाही, किंवा कोणी मागत नाही तो वॉर्ड. ज्येष्ठतेने बढती मिळते, त्यामुळे परिषद स्थापन झालीच तर तिथेही ज्येष्ठच बसतील आणि खाटेजवळची पंचविशीतली मुलगी चहा सांगायला पाठवली जाईल. ब्रदर मंडळींची, म्हणजे पुरुष परिचारकांची, संख्या वाढते आहे, त्यांचा तर या रचनेत अजून नीट विचारही झालेला नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने यावर सरळ तोडगा काढला: रुग्णालयांच्या मनुष्यबळ समितीत किमान साठ टक्के सदस्य प्रत्यक्ष रुग्णसेवेतल्या परिचारिका असल्याच पाहिजेत. आपल्याकडे तेवढं केलं आणि सभेची वेळ ड्यूटीत धरली तरी बरंच हलेल. सोळा रुग्ण टाकून सभेला येणार कोण, आणि सुटीच्या दिवशी बस धरून तरी का यावं?

टेक्सासकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दिलेलं काम रुग्णासाठी असुरक्षित आहे असं परिचारिकेला वाटलं, तर तिने तसं लेखी नोंदवायचं. एकदा नोंद झाली की त्या कामासाठी तिच्या परवान्यावर किंवा नोकरीवर सूड उगवता येत नाही, आणि तिचं म्हणणं योग्य होतं का हे तिच्याच व्यवसायातल्या लोकांची समिती तपासते. तिथे याला 'सेफ हार्बर' म्हणतात.

खासगी रुग्णालयात याचा अर्थ सरळ आहे. मर्यादा ओलांडली की खाट बंद, मग विमा कंपनीचा रुग्ण लिफ्टमध्ये उभा का असेना. सरकारी रुग्णालयात तसं करता येणार नाही, हे मी जाणतो. भामरागडहून किंवा अक्कलकुव्याहून निघून जिल्ह्याला पोचलेल्या बाईला 'खाट बंद आहे' असं सांगणारी व्यवस्था मला नको आहे. तिला आत घ्यायलाच हवं, जमिनीवर का होईना. पण ज्या क्षणी एका परिचारिकेमागचे रुग्ण ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेले, त्या क्षणी तिने वहीत वेळ टाकून नोंद करावी आणि तिथून पुढची जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकाकडे जावी. त्याने माणूस पाठवावा, नाहीतर १०८ बोलावून रुग्ण हलवावेत, नाहीतर दोन्ही का जमलं नाही ते त्याच पानावर लिहून सही करावी. यासाठी विधिमंडळात विधेयक आणायला नको, एक शासन निर्णय पुरेल. सुरुवात नवजात बालकांचे कक्ष आणि अतिदक्षता विभाग इथून करावी. तिथे यंत्रांमुळे खाटा मोजक्याच असतात आणि आकडा ठरवणं सोपं जातं. सामान आणि विजेच्या तक्रारींचीही नोंद त्याच वहीत व्हावी, आणि दुर्घटना घडली तर चौकशी समितीत खाटेजवळ काम करणाऱ्या दोन परिचारिका असाव्यात.

या वहीला पहिला विरोध डॉक्टरांचा होणार नाही, अधिसेविकांचाही नाही. तो मंत्रालयातून होईल. पहिल्याच महिन्यात त्या पानांतून कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पाळीला, किती पदं रिकामी होती याचा तारीखवार हिशेब तयार होईल, आणि तो माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कोणालाही मागता येईल.